टाकीचा व्हॉल्व

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार. पाणी सहा वाजून दहा मिनिटांनी आले. बीपी १४६/८८. व्हॉल्व उघडताना स्टुलाच्या दुसऱ्या पायरीवर भोवळ आली. उतरून पाच मिनिटे जमिनीवर बसले. टाकी भरली. नाश्त्याला कालची पोळी.

एवढं लिहून वासंतीबाईंनी पेनाला टोपण लावलं. अठ्ठ्याहत्तरावं वर्ष चालू होतं, पण वही एक दिवस चुकली नव्हती. गिरगावातल्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, घडलं ते घडलं तसं लिहावं, आपली बाजू नंतर. ती सवय अंगात मुरली होती.

नवघरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात पाण्याची टाकी मोरीवरच्या माळ्यावर होती आणि तिचा व्हॉल्व जवळजवळ छताला. यजमानांनी तो स्वतः उभं राहून बसवून घेतला होता. सहा फुटांचा माणूस, हात वर केला की झालं. आता ते नव्हते आणि गेली दहा वर्षं हे काम वासंतीबाईंकडे होतं. फ्रिजच्या आडून घडीचं स्टूल काढायचं, उघडायचं, चढायचं, व्हॉल्व फिरवायचा, उतरायचं. चाळीस मिनिटांनी बंद करायला पुन्हा चढायचं, नाहीतर टाकी वाहून पाणी खालच्यांच्या भिंतीत उतरायचं. शेजारचे गुणवंतभाई अधूनमधून म्हणत, "बेन, व्हॉल्व नीचे करवा लो. आधे घंटे का काम है." त्या "हां, करवाती हूं" म्हणत आणि करवून घेत नसत. यजमानांच्या हातच्या गोष्टीला हात लावायचा धीर होत नाही, हे गुणवंतभाईंना हिंदीत कसं सांगायचं?

मागच्या ऑगस्टमध्ये त्या स्टुलावरून घसरल्या आणि मनगट सुजलं. तेव्हा पुण्याहून आलेल्या लेकीनं, क्षितिजानं, बजावलं होतं, "पुन्हा एकटी चढलीस तर घर बंद करून तुला माझ्याकडे नेणार." रोज वॉचमनला बोलवीन, असं वासंतीबाईंनी कबूल केलं. दोन दिवस तो आलाही. तिसऱ्या दिवशी आला नाही, आणि पाणी कुणासाठी थांबत नाही.

रविवारी क्षितिजा आली. डॉक्टरांना बीपीचे आकडे पाठवायचे होते.

"आई, तू वाच. मी मोबाईलवर टाकते."

वासंतीबाई एक तारखेपासून वाचू लागल्या. सहा तारखेचा आकडा सांगितला आणि थांबल्या. खालची ओळ कुणी मागितली नव्हती. गाळली असती तर कळलंही नसतं. पण सहा महिने फोनवर "येतो हो वॉचमन" म्हणून म्हणून त्यांना शीण आला होता. चढण्याउतरण्याचा होताच, हा त्याच्यावरचा. त्यांनी पुढची ओळ वाचली.

"आई!"

"ओरडू नकोस. वाचतेय ना मी."

"वॉचमन येतो म्हणालीस."

"आला ना. दोन दिवस."

"म्हणजे सहा महिने खोटं बोलतेयस माझ्याशी? तू? चहात साखर किती घातली तेसुद्धा लिहून ठेवणारी बाई?"

"वहीत खरंच लिहिलंय."

"वही मी वाचते का?"

"म्हणून तर लिहिता आलं."

क्षितिजाला हसू आलं, ते तिनं दाबलं. "बॅग भर. उद्या निघायचं."

वासंतीबाई पलंगाच्या काठावर बसल्या. बराच वेळ गुडघा चोळत राहिल्या. "मी दमलेय गं, क्षितू. नाही म्हणत नाही. पण मला त्या स्टुलाचा कंटाळा आलाय, घराचा नाही."

"मग व्हॉल्व खाली का नाही घेतलास इतकी वर्षं?"

"तुझ्या बाबांनी बसवलाय."

"शेवटच्या वर्षी बाबांचा तरी हात कुठे पोचत होता? खांदा वर जायचा का त्यांचा? तूच चढायचीस तेव्हाही."

तसं होतं खरं. त्या वर्षीच्या वहीत असणार.

"गुणवंतभाईंना सांग," वासंतीबाई म्हणाल्या. "त्यांच्या ओळखीचा प्लंबर आहे."

"आणि स्टूल मी घेऊन जाणार. तसं असेल तरच तू इथे."

"ने."

सोमवारी प्लंबरनं पाइप कापला आणि नवा व्हॉल्व वासंतीबाईंच्या छातीच्या उंचीला आणून बसवला. गुणवंतभाई दारात उभे होते. "बेन, आधे घंटे के काम को दस साल लगाये आपने."

"आपने भी तो दस साल सिर्फ बोला, गुणवंतभाई."

मग क्षितिजा शेवटची स्टुलावर चढली. आता स्टूल नाही, म्हणजे माळ्यावर जे राहील ते राहीलच.

"इडलीपात्र?"

"राहू दे. कोण करतंय आता."

"पाहुण्यांच्या गाद्या?"

"राहू देत."

"बाबांची सूटकेस?"

वासंतीबाईंनी वर पाहिलं. मान दुखली. "रिकामी आहे ती."

"काढू?"

"नको. राहू दे."

लोकरीची शाल आणि गरम पाण्याची पिशवी एवढंच खाली आलं. क्षितिजानं स्टूल मिटलं आणि काखेत धरलं. "ठेवलं असतं तर चढली असतीस ना?"

"चढले असते," वासंतीबाई म्हणाल्या.

लेक गेल्यावर त्यांनी दिवा लावला, वही उघडली, तारीख घातली. क्षितिजा चार वाजता निघाली, हे लिहिलं. काय काय माळ्यावर राहिलं, तेही ओळीनं लिहिलं. मग खाली आणखी एक ओळ घातली.

नव्या व्हॉल्वची मूठ उभी असली की पाणी चालू, आडवी असली की बंद.