संपदाच्या पुस्तकातली जुईची पानं

संपदा कुंभोजकरनं पुस्तक लिहायचं मनावर घेतलं, तेव्हा सगळ्यांनी तिला एकच उत्तर दिलं, "अरे वा, लिही की!" लखनौतल्या आमच्या मराठी मंडळात शास्त्रज्ञ आहेत, प्राध्यापक आहेत, रेल्वेतले इंजिनिअर आहेत. पण लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणालाच सांगता येईना. मीही त्यातलीच. वनस्पतींवरचे शोधनिबंध लिहिण्यात माझी नोकरी संपली, आणि त्यात 'मी' हा शब्द लिहायचीसुद्धा सोय नव्हती.

संपदा मूळची मिरजेची. नवरा प्रसन्न रेल्वेत, म्हणून लग्नानंतर ती इथं आली आणि गोमती नगरात रुळली. मुलगी जुई दीड वर्षाची असताना एकदा स्वयंपाकघरात कुकरचं झाकण संपदाच्या हातातून निसटून फरशीवर आदळलं. जुई पाठमोरी बसून ठोकळ्यांशी खेळत होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग तपासण्या झाल्या. मुलीला जन्मापासूनच ऐकू येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दिल्लीत ऑपरेशन झालं. कानाच्या आत एक यंत्र बसवलं, कानामागं बाहेरून लावायचं मशीन आलं, आणि मग वर्षानुवर्षं बोलायला शिकवणं सुरू झालं. तेव्हाच्या थेरपिस्टनं बजावलं होतं, "घर में एक ही ज़ुबान रखिए, बच्ची उलझ जाएगी." शेजार हिंदी, शाळेतही हिंदी. संपदानं पोटच्या पोरीशी मराठीत बोलणं सोडलं. प्रसन्नशी मराठी, जुईशी हिंदी, असं ते घर चालायचं.

जुई बोलायला शिकली, शाळेत टिकली, वास्तुकलेच्या कॉलेजात गेली. घरात दुपारी एकटी राहिलेली संपदा मला म्हणाली, "वहिनी, जुईचं कळलं तेव्हा मी आईकडून मराठीतलं एक तरी पुस्तक मागवायला बघत होते. कुणातरी आईनं लिहिलेलं. मिळालंच नाही. ते मी लिहिणार."

सुरुवात तिनं धडाक्यात केली. पुस्तक लिहायला शिकवणारा एक ऑनलाइन वर्गही लावला. तिथं त्यांनी प्रकरणांचा साचा दिला. समस्या, उपाय, यश. संपदानं साच्यात सगळं बसवलं आणि मला वाचायला दिलं. 'पालकांनी संयम ठेवावा. मुलाशी सतत बोलत राहावे.' सगळं बरोबर होतं, पण दवाखान्याच्या भिंतीवरचा फलक वाचल्यासारखं वाटलं. मी पानं नीट लावून तिच्यापुढं ठेवली, तेवढ्यानं तिला कळलं.

"नाही ना जमलं?"

"मला यातलं कळत नाही गं," मी म्हटलं. "पण जिला कळतं अशी एक बाई मला माहीत आहे."

माझी मावसबहीण लतिका कोल्हापुरात जन्मभर पुस्तकांचं संपादन करत आली. बोलायला फटकळ. मी दोघींचा फोन स्पीकरवर जुळवून दिला आणि घाबरत संपदाशेजारी बसून राहिले.

लतिकानं पानं आधीच वाचली होती. ती म्हणाली, "संपदा, यात सल्ले भरपूर आहेत, पण घर कुठंच दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी तुम्ही घरी येऊन काय केलंत?"

संपदा म्हणाली, "काही नाही. मी सब्जी चिरायला घेतली. भिंडी होती. सगळी चिरली आणि मग लक्षात आलं, धुतलीच नव्हती. तशीच भांड्यात टाकून पाणी ओतलं. चिकट लगदा झाला. प्रसन्ननं तोच पोळीबरोबर खाल्ला, एक शब्द न बोलता."

"हे लिहा."

"पण ताई, माझं मराठी बिघडलंय. मध्येच सब्जी येतं, अच्छा येतं."

"येऊ दे. लखनौच्या घरात घडलंय ना? मग तिथलंच बोलणं येणार. शुद्धलेखनाचं मी बघते."

त्यानंतर दर आठवड्याला संपदा पानं पाठवायची आणि लतिका फोन करायची. कधी कौतुक, कधी झाडाझडती. 'इथं तुम्ही रडलात असं लिहिलंय, ते काढा, मला दिसतंय.' 'सासूबाई वाईट वागल्या म्हणता, त्या काय बोलल्या ते सांगा.' संपदा चिडायची, मला फोन करून लतिकाला नावं ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी लिहायला बसायची. प्रसन्ननं सकाळचा डबा स्वतः करायला घेतला. "माझ्याच्यानं लिहिणं होणार नाही," तो म्हणाला, "पोहे होतील." त्याच्या पोह्यांत मीठ कमी-जास्त व्हायचं, पण संपदाला सकाळचा निवांत वेळ मिळू लागला.

मशीन पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवसाचं प्रकरण संपदानं मन लावून लिहिलं. जुईनं डोळे मोठ्ठे केले, मग ती हसली. जग तिच्यासाठी उघडलं. संपदाला वाटलं होतं, लतिका वाचून खूश होईल.

लतिकानं विचारलं, "हे तुम्ही पाहिलंत. तिला काय वाटलं?"

"ती तीन वर्षांची होती हो."

"आता वीस वर्षांची आहे. विचारा."

जुईला मराठी समजायचं, बोलता फारसं यायचं नाही. पण हिंदी-मराठीची लिपी एकच. त्या रविवारी ती आईच्या पलंगावर मांडी घालून बसली आणि अडलेले शब्द विचारत सगळी पानं वाचून काढली. संपदा दारात उभी होती.

"अच्छा लिखा है," जुई म्हणाली. "लेकिन मम्मा, मैं हँसी नहीं थी. मैं डर गई थी."

"तू हसलीस बेटा. पापानं फोटो काढलाय."

"डर के हँसी थी." जुईनं कानामागचं मशीन काढून तळहातावर धरलं. "आणि एक सांगू? स्कूल में मैं इसे बंद कर देती थी. बालों के नीचे. किसी को पता नहीं चलता था. इतका आवाज असायचा क्लासमध्ये. बंद केलं की सब ठीक हो जाता था. वो चुप्पी मुझे अच्छी लगती थी, मम्मा. आज भी लगती है."

संपदा दारातून मागं फिरली. ती बाहेर जाऊन गच्चीवर बसली. लेकीभोवतीची शांतता म्हणजे शत्रू, असं समजून तिनं इतकी वर्षं लढाई लढली होती. आणि लेकीला तीच शांतता हवीशी वाटत होती, दमून घरी आल्यावर वाटते तशी. हे तिनं मला फोनवर सांगितलं. "मग मी लिहिलं ते सगळं खोटंच ना, वहिनी?"

मी म्हटलं, लतिकाशी बोल. तिनं बरेच दिवस बोलायचं टाळलं. शेवटी लतिकानंच फोन केला आणि सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी ती मुळीच फटकळ नव्हती.

"खोटं नाही," ती म्हणाली. "अर्धं आहे. उरलेलं अर्धं तुमच्या घरातच आहे. तिला लिहू द्या."

जुई आधी हसली, मग तयार झाली. तिनं हिंदीत लिहिलं. छोटी छोटी पानं, कॉलेजातल्या चित्रांच्या कडेला लिहावं तशी. पावसात मशीन काढावं लागे तेव्हा मैत्रिणींचे ओठ कसे वाचायची, गाण्याच्या तासाला तोंड कसं हलवायची, आई थकली की तिच्या शब्दांचा वेग कसा वाढायचा. संपदानं ते मराठीत आणलं. प्रत्येक वाक्याला जुई शेजारी. "'चुप्पी'ला काय लिहिलंस? 'निःशब्दता'? नको, बहुत भारी है. 'शांतता' लिही ना." त्या निमित्तानं मायलेकी तासन् तास मराठीत बोलल्या. जुईच्या लहानपणापासून राहून गेलं होतं ते.

पानं पुरी व्हायच्या आधीच पहिली वाचक आली. लखनौजवळच्या बख्शी का तालाबला हवाई दलात असलेल्या एकाची बायको, कराडची अनघा. तिच्या मुलाला, राजसला, ऐकू येत नसल्याचं नुकतंच निदान झालं होतं. मंडळातल्या कुणीतरी तिला माझ्याकडे पाठवलं, मी तिला संपदाकडे नेलं. संपदा तिला धीर द्यायला लागली, पण अनघाचं लक्ष टेबलावरच्या पानांकडे गेलं. तिनं भिंडीचं प्रकरण वाचलं, मग जुईचं एक पान. ती थोडी रडली, थोडी हसली. "ताई, आमच्याकडं काल वरण करपलं," ती म्हणाली. "मला वाटलं, मीच वेडी झालेय." जाताना तिनं पानांच्या झेरॉक्स मागून नेल्या, नवऱ्याला वाचायला.

यंदा दिवाळीनंतर कोल्हापूरच्या एका लहान प्रकाशकानं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर दोघींची नावं आहेत. मंडळात छोटा कार्यक्रम झाला. प्रसन्ननं सगळ्यांसाठी पोहे केले आणि या खेपेला मीठ बरोबर पडलं होतं.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा परभणीहून दत्तात्रय नावाच्या एका गृहस्थांचा फोन आला. पुस्तक वाचून त्यांनी नंबर मिळवला होता. मुलगी चार वर्षांची, नुकतंच ऑपरेशन झालंय, ती मशीन सारखं ओढून काढते, आम्ही काय करावं? संपदानं फोन जुईकडे दिला. अनोळखी आवाज नुसत्या फोनवर जुईला नीट उमगत नाही, म्हणून तिनं व्हिडिओ लावला.

"नमस्कार काका," ती अडखळत मराठीत म्हणाली. "तुम्ही नंतर बोला. आधी तिला द्या ना."

पडद्यावर दोन वेण्यांची एक रुसलेली पोरगी आली. जुईनं केस बाजूला केले, मान वळवली आणि तिला आपल्या कानामागचं निळं मशीन दाखवलं. पोरगी पडद्याच्या अगदी जवळ आली आणि बोटानं ते पडद्यावरच चाचपायला लागली.