देवळातल्या पेटीचं कुलूप

मंडळी, देवळाच्या फळ्यावर आज अभंगाऐवजी हे लिहितोय. राग आला तर येऊ द्या.

सकाळी भूकंपाचा धक्का बसला तेव्हा आपण सारे बाहेर पळालो. देवळाशेजारच्या हौसाकाकू तेवढ्या आत राहिल्या. चौकट तिरकी होऊन त्यांचं दार घट्ट बसलं होतं आणि भिंतीची माती ढासळत होती.

मागच्या मोठ्या भूकंपानंतर आपणच वर्गणी काढून पहार, दोर, कंदील देवळातल्या पेटीत ठेवले होते. मी धावत गेलो, तर पेटीला कुलूप!

"किल्ली कुठं हाय रं?" मागून आलेल्यांना मी विचारलं.

"सरपंचांच्या कमरंला. ते पाटणला गेल्यात."

"मग कुलूप कशापायी घातलं?"

"आवं नाना, कुणीतरी पहार गोठ्याचं खुंटं रोवाय नेली हुती न्हवं का!"

मी दगड उचलला. "देवाच्या दारात कुलूप फोडतायसा? लय पाप लागंल," एकजण म्हणाला. मी देवाला हात जोडले आणि घाव घातला.

पहारीनं दार उचकटलं. काकू खोकतच बाहेर आल्या. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "मी आतनं समदं ऐकत हुते. किल्लीची चौकशी लय झाली. माजी कुणीच केली न्हाई."

देव संकटात धावून येतो, यावर माझी श्रद्धा आहे. पण कुलूप देवानं घातलं नव्हतं.

उद्या तुमचं दार अडलं, तर ते उघडायचं साधन घराबाहेर, बिनकुलपाचं ठेवलंय का?