‘पुढे वाचा’च्या अलीकडे

आमच्या घरात पत्रकं लिहिली जायची आणि त्याची एक शिस्त होती. समोरच्याचं म्हणणं आधी पुरतं मांडायचं, मग त्याच्या चिंधड्या करायच्या. वडील म्हणायचे, त्याचं तोंड दाबून जिंकलात तर ते जिंकणं नव्हे. पत्रक एका कागदाचं असे. चिंधड्या खालीच असत, नजरेसमोर.

दोन हजारच्या दशकाच्या अखेरीस मी इंदिरानगरमध्ये एका बातम्यांच्या साइटवर कामाला होते. लेख लिहायचे आणि मोबाईलवर ते कसे दिसावेत हेही मी ठरवायचे, म्हणजे मालक ठरवायचा आणि मी करायचे. मोठा लेख तोडायचा, चार परिच्छेदांनंतर ‘पुढे वाचा’, आणि दर तुकड्यावर नवी जाहिरात. याला तो वाचकांची सोय म्हणायचा. धडधडीत खोटं!

देवळा गावात एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायकांसाठी संडास नव्हता. त्यांतली एकटीच बोलायला तयार झाली. मी लेख लिहिला, घरच्या शिस्तीनं. आधी व्यापारी: बायकांना सगळं मिळतं, एकदोघी उगाच भडकवतात. मग तिचं उत्तर, सविस्तर.

तिचा फोन आला. “ताई, तू तर त्याचंच छापलं! पोरीनं मोबाईलवर वाचून दाखवलं. बाया मला म्हणतात, तू त्याला फितली, आम्हाला भडकवणाऱ्या तूच म्हणाली. कोणी शेजारी बसत नाय आता.”

उत्तर ‘पुढे वाचा’च्या पलीकडे होतं. देवळ्याला नेटवर्क इतकं मंद की पुढचं पान उघडता उघडत नव्हतं.

मी मालकाकडे गेले. “हा लेख अखंड ठेवा.”

“अगं, एवढं लांबलचक मोबाईलवर कोण वाचतं?”

“ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्या.”

“त्या काय आपल्या जाहिरातदार आहेत? तिचं उत्तर वर घे, त्याचं खाली टाक. प्रश्न मिटला.”

“मग त्याचं म्हणणं कोणी वाचणार नाही.”

“बरंच झालं की! तुझ्याच बाजूचं.”

या माणसाला दोन्ही बाजू सारख्याच स्वस्त होत्या. तोडायला सोप्या, एवढंच.

मी देवळ्याला गेले. जेवणाच्या सुट्टीत खळ्याबाहेर, लेखाची छापील प्रत हातात घेऊन बायकांना अखेरपर्यंत वाचून दाखवलं. तिचं बोलणं आलं तशी एक जण डबा घेऊन तिच्याशेजारी सरकली. दुसरी म्हणाली, “असं होय! आम्हाला वाटलं, फितली ही.”

तिनं मात्र माझ्याकडेच पाहिलं. “इथं वाचलंस. माझ्या माहेरी कोण जाणार वाचायला? तिथंबी मोबाईल हाय. काढून टाक ते.”

दुसऱ्या दिवशी मी तो लेख साइटवरून काढून टाकला.

“चालणारा लेख काढलास?” मालक ओरडला. “कोणाला विचारून?”

“जिचा होता तिला,” मी म्हणाले आणि पिशवी उचलली.