आठाची मधली काडी

नांदेडच्या एका चष्मेवाल्याने मला फसवलं, आणि शिव्या खाल्ल्या लातूरच्या चाचांनी.

चाचा जुनी घड्याळं विकतात. त्यांच्याकडून मी एक जपानी घड्याळ आणलं, चाळीसेक वर्षांपूर्वीचं. वर काटे, खाली आकड्यांची छोटी खिडकी. अशी घड्याळं जमवायची, उघडायची, चालती करायची, हा माझा नाद. माळेगावच्या यात्रेत घड्याळाचे पट्टे विकून मी उभा राहिलो. घासाघीस केल्याशिवाय मला सुईसुद्धा घेता येत नाही. चाचांशी तासभर भांडून भाव पाडला आणि त्या खुशीत भिंग न लावताच घड्याळ खिशात टाकलं.

घरी भिंग लावलं तर आठाच्या जागी शून्य दिसलं. हे आकडे सात काड्यांचे असतात. मधली काडी गायब होती. आकड्यांच्या काचेला वीज पोहोचवणारी रबराची पट्टी स्पिरिटने पुसली, मग दुसऱ्या घड्याळातली काढून बसवली. काडी आली नाही. दोन दिवस तेच करत बसलो. तिसऱ्या दिवशी लातूरची बस धरली.

दुकानात शिरताच तोंड सोडलं. मेलेला माल गळ्यात मारला, या वयात तरी लाज बाळगा, बरंच काही. चाचांनी घड्याळ निरखलं आणि बाकावर चहा पीत बसलेल्या गिऱ्हाइकापुढे धरलं.

"आठच हाय की हो," तो म्हणाला. "इथून साफ दिसून राहिला."

मी भिंग लावलं. शून्य. आवाज आणखी चढवला.

चाचा हळू बोलले, "सेठ, शिव्या मागून द्या. आधी दुसऱ्या डोळ्यानं बघा."

तीस वर्षं भिंग उजव्या डोळ्याला आणि डावा मिटलेला. हात तिकडे वळेचना. शेवटी डाव्याला लावलं. मधली काडी जागेवर होती.

माफी न मागताच घड्याळ उचलून बाहेर पडलो. परतीच्या बसमध्ये अहमदपूरपर्यंत डावा डोळा मिटून पाट्या वाचत आलो. ज्या अक्षराकडे बघावं तेच पुसलं जायचं. शेजारच्या बाईला वाटलं मी डोळा मारतोय. ती उठून पुढे जाऊन बसली.

डॉक्टर म्हणाले, साखरेने उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब केलाय, बरेच महिने झाले असतील. डाव्याचीही शंका आहे, सोमवारी कळेल. तेव्हापासून सकाळी डोळे उघडायचीच भीती वाटते. उजवा मिटून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख बघतो, दिवसातून वीस वेळा बघतो. चाचांचं घड्याळ पुन्हा उघडलं, ते तसंच पडलंय. त्याचा एक स्क्रू सापडत नाही. तो खरंच हरवलाय की मला दिसत नाही, हे बायकोला विचारायची हिंमत होत नाही.

चष्मेवाला म्हणतो, पडद्याची तपासणी तुम्हीच नको म्हणालात, तेवढे पैसे कमी करायला लावलेत. लावले. नाकबूल करत नाही. पण चष्मेवाल्या, चष्म्याच्या डबीसारखी तूही ती तपासणी विकायलाच ठेवली होतीस. मी नको म्हणताच बाजूला सारलीस. वर्षात तीन वेळा माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर बदलला, तीन वेळा नवी काच विकलीस. "काका, हे काचेचं काम नाही, डॉक्टरला दाखवा," एवढं का म्हणाला नाहीस? सोमवारच्या आत मला उत्तर पाहिजे, आणि ते दुकानात गिऱ्हाईक असताना, सगळ्यांसमोर दे.