कॉर्नहोल की कॉर्न हॉल?

मागच्या महिन्यात एका रविवारी, सकाळचा चहा पिता पिता मी एका भल्या माणसाला दुखावलं... आणि वर स्माइलीही टाकली.

आम्ही इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला राहायला आलो त्याला तीन वर्षं होतील. आमच्या रस्त्यावर दर उन्हाळ्यात स्ट्रीट पार्टी असते. समोरच्या घरातले केन, वय बहात्तर, आयुष्यभर सुतारकाम केलेले. त्यांनी यंदा पार्टीसाठी एक खेळ बनवला होता. दोन तिरप्या लाकडी फळ्या, प्रत्येकीला वरच्या बाजूला एक गोल भोक, आणि मक्याचे दाणे भरलेल्या कापडी पिशव्या. लांबून नेम धरून पिशवी भोकात टाकायची.

केननी फोटो रस्त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. काय सुरेख काम होतं! कडा इतक्या गुळगुळीत की फोटोवरूनच हात फिरवावासा वाटावा. आणि एका फळीवर निळ्या रंगात, मोठ्या अक्षरांत खेळाचं नाव... कॉर्न हॉल.

आता मी पडले सॉफ्टवेअर टेस्टर. चूक दिसली की बोट आपोआप कीबोर्डवर जातं. मी लगेच गुगल केलं आणि लिहून टाकलं, "मस्तच, केन! फक्त छोटंसं करेक्शन. कॉर्नहोल, एकच शब्द. आणि हॉल नाही, होल." पुढे ती स्माइली.

मग काय, ग्रुपला विषयच मिळाला. एकाने विचारलं, या हॉलमधल्या कॉन्सर्टची तिकिटं कुठे मिळतील? दुसरी म्हणाली, आपण ब्रिटिश लोकांनी त्याला बीन बॅग टॉस म्हणावं, हे कॉर्नहोल वगैरे अमेरिकन नखरे नकोत. हसण्याच्या इमोजींची रांग लागली. मीही हसत होते... आणि तेवढ्यात स्क्रीनवर करड्या अक्षरांत एक ओळ आली. केन ग्रुपमधून बाहेर पडले होते.

मी फोन पुढे केला. नवऱ्याने मेसेज वाचला आणि एवढंच म्हणाला, "अगं, त्यांना एकट्यांना सांगायचंस ना."

दुपारी धीर करून गेले. गॅरेजचं दार उघडंच होतं. केन फळीवर वाकून सँडपेपरने ती निळी अक्षरं घासून काढत होते. अर्धा 'कॉर्न' गेलाही होता.

"केन, सॉरी. मी सगळ्यांसमोर लिहायला नको होतं."

"तू लिहिलंस ते बरोबरच आहे," ते मान वर न करता म्हणाले. मग पुढे म्हणाले, "शाळेत आमचे सर माझं स्पेलिंग फळ्यावर लिहायचे. सगळा वर्ग हसायचा. अक्षरं माझ्या डोक्यात सरळ उभीच राहत नाहीत. पुढे लग्न झालं, मग माझं सगळं लिखाण बायको, पॅट, तपासायची. आता पॅट नाही... म्हटलं, दोनच तर शब्द आहेत, जमेल."

मी दुसरा सँडपेपर उचलला आणि घासायला लागले. उरलेली अक्षरं दोघांनी मिळून घासून काढली. मग मी पेन्सिलने अक्षरं काढून दिली, आणि केननी त्यावरून ब्रश फिरवला. कॉर्नहोल... एकच शब्द. हात काय स्थिर होता त्यांचा!

दुसरी फळी कोरीच होती. "यावर तुझ्या भाषेत लिही," केन म्हणाले. कॉर्नहोलला मराठीत काय म्हणणार? मीच एक शब्द तयार केला आणि ऐटीत पेन्सिलने लिहिला. केननी तो चित्र काढावं तसा रंगवला.

पार्टीच्या दिवशी मस्त ऊन पडलं होतं. फळ्या रस्त्याच्या मधोमध मांडल्या होत्या, पोरांची झुंबड उडाली होती. मी फोटो काढून आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. नागपूरहून पाच मिनिटांत आईचा मेसेज. आई मराठीची निवृत्त शिक्षिका.

"छान. पण तू 'पिशविफेक' लिहिलंयस. पिशवीतली वी दीर्घ."

खाली मामा, मावश्या, आतेभाऊ... सगळे हसतायत. मी तिथेच रस्त्यावर लाल झाले. स्वतःच्या मातृभाषेत, हातभर अक्षरांत, लंडनजवळच्या एका रस्त्यावर मी चूक रंगवून घेतली होती.

केनना फोन दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी फळी नीट न्याहाळली.

"म्हणजे नेमकं चुकलंय काय?"

"ही वेलांटी. डावीकडून काढली, उजवीकडून हवी होती."

"इतकंच?"

"इतकंच."

"माझीही दोनच अक्षरं चुकली होती," केन म्हणाले, आणि असे हसत सुटले की त्यांना खुर्चीत बसवावं लागलं. मग स्वतःच उठून गॅरेजमधून रंगाचा डबा घेऊन आले. सगळ्या रस्त्यासमोर आम्ही वेलांटी दुरुस्त केली. ज्याने तिकिटांचा जोक मारला होता, त्यानेच डबा धरला... आणि जाता जाता केनना हळूच सॉरी म्हणाला. संध्याकाळी केन परत ग्रुपमध्ये आले होते.

काल बेल वाजली. दारात केन, हातात एक बर्थडे कार्ड. नातीला पहिल्यांदाच स्वतः चार ओळी लिहिल्या होत्या. "जरा बघतेस?" म्हणाले.

मी बघितलं. एक चूक होती, ती सांगितली. त्यांनी माझ्याच किचन टेबलावर बसून ती सावकाश सुधारली, कार्ड पाकिटात घातलं आणि पोस्टात टाकायला निघाले.

आजवर हजारो चुका शोधल्या असतील मी... पण आपल्या हातात कोणी आपलं लिहिलेलं विश्वासाने ठेवावं, हा मान मला काल पहिल्यांदा मिळाला. थँक यू, केन.