हॉटेल मागून बघावं

धाराशिव जिल्ह्यात कुठं काय खावं हे खात्रीनं सांगू शकेल असा पृथ्वीवर एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा थोरला मामा आहे. हे मी नव्या जावयाच्या धाकानं म्हणत नाही. धाकाचे दिवस कधीच सरले, आता माझ्याच लेकीचं लग्न ठरलंय. परंड्यापासून उमरग्यापर्यंत पसरलेल्या आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत कुणी तुळजापूरला दर्शनाला निघालं, कुणाला पोराच्या पहिल्या पगाराचे पेढे वाटायचे असले, कुणाला डोहाळजेवणासाठी आचारी हवा असला, की पहिला फोन मामांना जातो. मामा सत्तरीच्या पुढचे, मामी जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा नोकरीसाठी लांब. एरवी दिवसभर ओट्यावर बसून ते रस्ता बघत असतात. पण फोन वाजला की ताठ होतात, टोपी सारखी करतात आणि मग विचारतात, "कुठपर्यंत आलाव? कोणच्या रस्त्यानं जाणार?" पुढची पंधरा मिनिटं समोरच्याला फक्त ‘बरं’ म्हणायचं काम उरतं.

मामा वीज बोर्डात मीटर रीडर होते. हॉटेलाचं मीटर बहुतेक वेळा मागच्या भिंतीला असतं, त्यामुळे गिऱ्हाईक ज्या वाटेनं कधी जात नाही त्या वाटेनं मामा पस्तीस वर्षं हॉटेलांत शिरत आले. पुढं काचेचं दार, कारंजं आणि ‘सुस्वागतम’. मागं मोरी, तेलाचे डबे आणि खरं काय ते. "देव पुढून बघावा, हॉटेल मागून," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ते मागूनच शिरतात, आणि त्यांच्या चालीत अजून असा सरकारी ठसका आहे की कुणी अडवत नाही. उलट मालकच चहाचा कप घेऊन मागोमाग धावतो आणि यंदा बिल जास्त का आलं ते विचारतो.

लग्नानंतर मी पहिल्यांदा धाराशिवात बिऱ्हाड केलं तेव्हा मामा-मामींना जेवायला बाहेर नेण्याची हौस मला आली होती. मी तेव्हापासून आजतागायत हॉटेल फोटो बघून निवडणारा माणूस. तेव्हा पाटीवरचा फोटो बघायचो, आता मोबाइलवरचा बघतो, एवढीच माझी प्रगती. बायपासच्या एका झगमगीत गार्डन रेस्टॉरंटात आम्ही बसलो, पाणी आलं, मेनूकार्ड आलं आणि मामा गायब झाले. पाच मिनिटांनी आले ते उभ्याउभ्याच म्हणाले, "उठा."

"का हो मामा?"

"भांडी घासणारी बाई डबा घरून आणती. तिला हितलं फुकट हाय तरी खाईना. तुमी पैसे देऊन खाणार व्हय?"

आम्ही उठलो. चार ग्लास पाणी पिऊन चौघं रांगेनं बाहेर पडताना वेटरनं माझ्याकडं जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. मग मामांनी आम्हाला ट्रकवाल्यांच्या एका टपरीवर नेलं. तिथं मालक स्वतः पिठाच्या पोत्यावर बसून आपल्याच हॉटेलातली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी हादडत होता. मामांच्या लेखी यापरतं दुसरं प्रशस्तिपत्र नव्हतं. तशी चवीची भाकरी मलाही पुन्हा कुठं मिळाली नाही.

बेकरीची त्यांची परीक्षा आणखी साधी. आत गेल्यावर ते बरण्यांकडं बघत नाहीत, खाली वाकून फळीच्या कडा बघतात. एकदा एका नव्या चकचकीत बेकरीत मी किलोभर खारी बांधून घेत होतो, तर हे वाकलेले सरळ झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जावईबापू, एक बी मुंगी न्हाय. मुंगीला फुकटात नको ती खारी आपुन इकत कशाला न्यायची?" बेकरीवाला बिचारा मुंग्या नसल्याचाच अभिमान बाळगून होता. खारी मात्र मी घेतली, कारण बांधून झालेली वस्तू नको म्हणायला मला जमत नाही.

पण मामांची खरी दौलत होती नाक. नोकरीची काही वर्षं त्यांनी सास्तूरला काढली. भूकंपानंतर तिथं नवी घरं उठली होती, सगळी एका मापाची, एका रांगेतली. नव्या माणसाला आपलं घर सापडायची पंचाईत, तिथं मामा नंबर न बघता नावानं हाका मारत जायचे. फोडणीच्या वासावरून घर ओळखायचे. "ही येसवंताची गल्ली, हितं हिंग जादा. ते कोपऱ्यावरलं शांताबाईचं, लसूण आन जळकी मोव्हरी. त्या बाईनं जल्मात एकदा बी मोव्हरी न करपता फोडणी दिली न्हाय." हे सगळं ते इतक्या मायेनं सांगायचे की ती करपलेली मोहरी मलाही ओळखीची वाटायला लागली होती.

करोनाच्या साथीत मामा दहा दिवस दवाखान्यात होते. बरे होऊन आले आणि मला बढती मिळाली. त्याआधी ते एकटेच फिरायचे. आता दर गुरुवारी "जावईबापू, चला" म्हणून दारात उभे. स्वतः घास-दोन घासच घ्यायचे, मला मात्र भरपेट खाऊ घालायचे आणि माझ्या तोंडाकडं टक लावून विचारायचे, "कसं लागलं?" मला वाटायचं, म्हातारपणी मला विद्या देतायत. एकदा भूमला खव्यासाठी गेलो. नेमका बाजाराचा दिवस. भट्टीवर मामांनी खव्याची गोळी तळहातावर चोळली आणि तो हात माझ्या नाकासमोर धरला, "घ्या वास." भर बाजारात पन्नाशीचा मी एका म्हाताऱ्याचा तळहात हुंगतोय, आणि एसटीतून उतरलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसतायत. मी म्हणालो, "छान आहे." मामांनी पाच किलो घेतला आणि अर्ध्या गणगोताला त्या भट्टीचा पत्ता दिला.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण खरा घोटाळा तिथंच आहे. समोर आलेल्या ताटाला नाव ठेवू नये, असं माझ्या आईनं मला लहानपणी बजावलं आणि मी ते नको इतकं मनावर घेतलं. मी सगळ्याला छान म्हणतो. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात बायकोनं केलेल्या गिच्च उपम्याला भिडेपोटी छान म्हणालो. सव्वीस वर्षं झाली, दर रविवारी तोच उपमा, मुद्दाम माझ्यासाठी. तेव्हा भूमचा तो खवा जरा आंबूस होता, हे मी कुणाला सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

अशात लेकीचा साखरपुडा ठरला. लातूरकडची मंडळी, जेवणात येसर आमटी, म्हणजे भाजक्या धान्याच्या मसालापिठाची आमटी, हवी एवढंच त्यांचं मागणं. मी मोबाइलवर एक केटरर शोधला. त्याच्या फोटोत गाजराचे हंस होते. मामांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "हंस कुणी खातंय का?" मग ते जरा गंभीर झाले. "नातीचं काम हाय. आचारी म्या देणार. त्या जेवणाला कुणी नाव ठिवलं, तर हिथून पुढं कुणाला हाटेल सांगणार न्हाय." मला ते बोलणं लागलं. फोन बंद झाले तर त्या ओट्यावर मामांना काय उरणार, हे मला दिसत होतं.

अणदूरला एका वास्तुशांतीचं जेवण चाललं होतं, तिथला आचारी बघायला आम्ही बिनआमंत्रणाचे गेलो. मामा रीतीप्रमाणे मांडवामागं. आचारी नेटका होता. भांडी लखलखीत, हाताखालच्या बायकांना आधी जेवायला वाढलेलं. मामा खूश झाले आणि आमटीची वाटी माझ्या हातात आली. आमटी खारट होती. थोडीथोडकी नाही, डोळ्यांत पाणी यावं अशी. पण आचारी हात जोडून उभा, त्याची बायको मला पदरानं वारा घालतेय, आणि मामा माझ्या तोंडाकडं बघतायत.

"मीठ?"

"बरोबर."

"एकूण?"

"छान आहे."

मामांनी जागच्या जागी सुपारी दिली.

साखरपुड्याच्या दिवशी पाहुणे मांडवात टेकले, हळदीकुंकू सुरू झालं, आणि आचारी रीतीप्रमाणे चव बघायला वाटी घेऊन मामांकडं आला. त्याच्या गालात तंबाखूचा बार होता. तो बार भरूनच स्वयंपाक करत असल्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मामांनी दोन घोट घेतले, मिटक्या मारल्या आणि म्हणाले, "एक नंबर." वाटी माझ्याकडं आली. अणदूरची आमटी परवडली म्हणायची पाळी आली होती. मी मामांकडं पाहिलं. एवढा खारटपणा गिळून माणूस मिटक्या कशा मारतो? आणि ते माझ्याकडं बघत होते, तेच नेहमीचं टक लावून बघणं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी त्यांना हाताला धरून मांडवामागं नेलं. "मामा, तुम्हाला चव लागते का?"

ते टोपी काढून हातात फिरवत राहिले. "साथीपास्नं न्हाय. वास बी न्हाय. दवाखान्यातून आलो ते कोराच आलो." मग हळूच म्हणाले, "सांगितलं असतं तर फोन कुणी केला असता मला? तुमच्या तोंडावर चाललं हुतं समदं. तुमी खोटं बोलणारं मानूस न्हाय, म्हनून तुमालाच नेत हुतो."

माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही. कार्याच्या आमटीवर तीन जिभांचा पहारा होता. एक तंबाखूनं बधिर, एक आजारानं गेलेली, आणि एक धडधाकट असून भिडेनं मेलेली. "आमटी खारट आहे मामा," मी म्हणालो. "अणदूरलाही होती."

"आन भूमचा खवा?"

"आंबूस होता."

"नळदुर्गच्या रस्त्यावरली ती खानावळ?"

"भिकार."

"आरारारा," मामा मटकन खुर्चीवर बसले. "थोरल्या व्याह्याला सहकुटुंब धाडलं की वो तिथं!"

पण पुढच्याच क्षणी ते उठले. जीभ गेली होती, पस्तीस वर्षांची मागच्या दाराची विद्या गेली नव्हती. त्यांनी आधी आचाऱ्याला तंबाखू थुंकायला लावली. मग अर्धी आमटी दुसऱ्या पातेल्यात काढवली, दोन्हींत आधणाचं पाणी, वर बिनमिठाचा येसर, भाजलेलं खोबरं. दर उकळीला वाटी माझ्या हातात. "खरं बोला, जावईबापू. नातीचा परसंग हाय." आणि मी, जन्मात पहिल्यांदा, शिजवणाऱ्याच्या तोंडावर बोलत होतो, "अजून खारट. अजून. जरा कमी झालं. येसर कमी पडला." आचाऱ्याचं तोंड उतरत गेलं आणि मला आईची आठवण येत गेली. सहाव्या वाटीला मी थांबलो. "आता बरोबर." मामांनी माझ्या तोंडाकडं एकदा निरखून पाहिलं आणि मान हलवली.

पंगत बसली. मुलाकडच्या सगळ्यांत वयस्कर पाहुण्यांनी आमटी भुरकली आणि वाढप्याला हाक मारून पुन्हा वाटी पुढं केली. "आमटीची चव कुणी बघितली?" त्यांनी विचारलं. मामा माझ्याकडं बोट दाखवणार इतक्यात मी मोठ्यानं म्हणालो, "आमच्या मामांनी." ते खोटं मात्र मी मुळीच न लाजता बोललो. मागून आम्ही दोघं शेवटच्या पंगतीला बसलो तेव्हा मामा म्हणाले, "आता सांगा हळूहळू." मी एकेक घास घेऊन सांगत गेलो, येसर आधी लागतो, मागून खोबरं, मिरची घशात उशिरा येते. ते ऐकत ऐकत जेवले. त्या दिवशी त्यांनी ताट चाटूनपुसून लख्ख केलं.

आता फोन आला की मामा म्हणतात, "थांबा, जावईबापूला इचारून सांगतो." गुरुवार चालूच आहेत आणि मी खरं बोलतो, तीन हॉटेलवाले मला ओळख देत नाहीत. उपम्याचं अजून घरी सांगितलेलं नाही, तेवढं धैर्य आमटीतून येत नाही.

मागच्या गुरुवारी त्यांनी सास्तूरला जाऊ म्हटलं. तिथं हॉटेल कुठलं, मी विचारलं, तर टोपी सारखी करून चालू लागले. सकाळी दहाचा सुमार, घराघरांत स्वयंपाक चाललेला. एका मापाच्या त्या घरांच्या रांगेतून मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते आणि प्रत्येक दारापाशी थांबत होते. "हितं?" "हिंग, मामा. जास्तच." ते हसले. "हितं?" "काही नाही. कुलूप आहे." ते पुढं निघाले. कोपऱ्यावरच्या घरापाशी ते जरा जास्त वेळ उभे राहिले. खांद्यावरचा हात घट्ट झाला.

"हितं?"

मी वास घेतला. "लसूण," म्हणालो. "आणि मोहरी करपलीय."

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि डोळे पुसले.

"म्हंजे शांताबाई हाय अजून," ते म्हणाले, आणि मागच्या दाराकडं वळले.