नारिंगी बंडी

थेल्मा रॉबसनला दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता, गार चहाचा आणि शेवटच्या नंबराचा. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिने चारशे पोरांना धाकात ठेवलं होतं. बारा वर्षं दर शनिवारी सकाळी नऊला ती समुद्रकाठच्या पाच किलोमीटरच्या धावेत हजर असायची. धाव फुकटची, बक्षीस काही नाही, पण दुपारपर्यंत कोण कितवा आला ते सगळ्या गावाला कळायचं.

वसंतात गुडघ्याने दगा दिला आणि डॉक्टरांनी तिचं पळणं बंद केलं. धाव भरवणाऱ्या मंडळींनी मग तिच्या अंगावर नारिंगी बंडी चढवली. बंडीवाल्याने सगळ्यांच्या मागून चालायचं, म्हणजे दुसरं कुणी शेवटचं ठरत नाही. रीत चांगलीच आहे, पण थेल्मा ती घालताना दर वेळी तोंड वाकडं करायची.

त्या शनिवारी वारा नुसता पिसाळला होता. परतीच्या वाटेवर तो थेट तोंडावर आला. थेल्माच्या पुढे एकच माणूस उरला होता, नॉर्मन टेट, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा निवृत्त बस ड्रायव्हर. त्याला या धावेची गोडी लावली ती त्याच्या बायकोने, एडीने. एडी गेल्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून शनिवार सोडला तर नॉर्मन घराबाहेर पडत नव्हता.

"अरे, बस बंद पडली का तुझी?" थेल्मा मागून ओरडली.

"या वाऱ्याला आधी खाली उतरव," तो धापा टाकत म्हणाला. मग थांबला आणि मागच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहत राहिला. "आज मी शेवटचा."

"शेवटची मी. ही बंडी काय शोभेला घातलीय?"

"बंडीवाल्याला कोण मोजतं गं? एडीला सांगून ठेवलं होतं, ज्या दिवशी शेवटचा येईन त्या दिवशी बूट खुंटीला. आज टांगतो."

हा गडी बोलला की करतो, हे थेल्माला पक्कं ठाऊक होतं. बूट खुंटीला गेले की हा खुर्चीतून उठायचाच नाही.

"तू हो पुढे. माझ्या बुटाची नाडी सुटलीय," ती म्हणाली.

तो पुढे निघताच तिने बंडी काढली, बोळा करून जॅकेटच्या आत कोंबली आणि चेन ओढली. मग त्याच्या चार पावलं मागून चालत राहिली.

शेवटच्या रेषेवर नोंद घेणारी ग्वेन वहीचं पान दोन्ही हातांनी धरून उभी होती. "थेल्मा, तुझी बंडी?"

"कसली बंडी? आज मी सगळ्यांसारखी चालायला आले होते." "लिही, शेवटून पहिली, थेल्मा रॉबसन. नीट मोठ्या अक्षरात लिही."

सगळे कॅफेत शिरले. नॉर्मन दोन कप घेऊन आला तोवर दारातल्या वाऱ्याने चहा पार गार झाला होता. थेल्मा तो मुकाट्याने प्यायली.

"पुढच्या शनिवारी येतो मी," तो कपात बघत म्हणाला. "तुला एकटीला मागे सोडणं बरं दिसत नाही."

मग त्याने तिच्या गळ्याशी बोट दाखवलं.

"आणि चेन पूर्ण लाव. नारिंगी दिसतंय."